स्पीच थेरपिस्ट व्हायचे आहे? पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रम कसा निवडावा

माहूरच्या माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक आई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. मुलगा खोकल्यासाठी आला होता, पण आई जाता जाता म्हणाली, "डॉक्टर, हा अजून बोलत नाही. तुम्हीच म्हणाला होता, मुलगे उशिरा बोलतात." ते मी खरोखर म्हणालो होतो. मूल दोन वर्षांचे असताना कानाची तपासणी न करता मी त्याला परत पाठवले होते. पुढे तपासणीत त्याला दोन्ही कानांनी फार कमी ऐकू येते असे कळले. त्याला श्रवणयंत्र बसले आणि स्पीच थेरपी सुरू झाली. माहूर ते नांदेड हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. प्रत्येक फेरीला एस.टी.चे भाडे आणि वडिलांची एक दिवसाची मजुरी जायची.

त्या मुलाची मोठी बहीण तेव्हा बारावीला होती. एके दिवशी ती एकटीच आली आणि तिने विचारले, "सर, मीच हे शिकले तर? यासाठी काय करावे लागते?" मला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. नंतर मी माहिती गोळा केली. स्ट्रोक झालेल्या आजोबांची नात, अडखळत बोलणारा तरुण, स्वमग्न मुलाची आई अशा अनेकांनी नंतर हाच प्रश्न विचारला. हा लेख त्यांच्यासाठी आहे. ज्यांना हा अभ्यासक्रम करायचा नाही, पण घरातल्या रुग्णासाठी चांगला थेरपिस्ट शोधायचा आहे, त्यांनाही तो उपयोगी पडेल. चांगले प्रशिक्षण कसे असते हे कळले, की चांगला थेरपिस्ट ओळखणे सोपे जाते.

स्पीच थेरपिस्ट नेमके काय करतात?

मुलाला शब्द म्हणायला लावणे एवढेच यांचे काम आहे, असा समज आहे. प्रत्यक्षात बोलणे, भाषा, आवाज आणि गिळणे या चारही गोष्टी त्यांच्याकडे येतात. नेहमी येणारे रुग्ण असे:

- उशिरा बोलणारी मुले, ऐकू कमी येणारी मुले, स्वमग्न मुले, मतिमंदत्व किंवा सेरेब्रल पाल्सी असलेली मुले
- दुभंगलेल्या टाळूचे ऑपरेशन झालेली मुले
- अडखळत बोलणारी मुले आणि मोठी माणसे
- पक्षाघातानंतर शब्द न सापडणारे किंवा समोरच्याचे बोलणे न समजणारे रुग्ण. याला वाचाघात म्हणतात.
- पक्षाघात, डोक्याला मार किंवा पार्किन्सननंतर गिळताना ठसका लागणारे रुग्ण
- तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर बोलणे आणि गिळणे पुन्हा शिकणारे रुग्ण
- आवाज बसलेले शिक्षक, कीर्तनकार, गायक, फेरीवाले

गिळण्याच्या त्रासाकडे आपल्याकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते. पक्षाघात झालेल्या माणसाला घरी आणल्यावर प्रेमाने चहा पाजला जातो, तो श्वासनलिकेत उतरतो आणि काही दिवसांत न्यूमोनिया होतो. रुग्णाला काय, किती घट्ट आणि कोणत्या स्थितीत बसवून भरवायचे, हे प्रशिक्षित थेरपिस्ट सांगतो. म्हणूनच या शिक्षणाचा दर्जा हा रुग्णाच्या जिवाशी जोडलेला प्रश्न आहे.

कान-नाक-घसा तज्ज्ञ, ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांत फरक काय?

कान-नाक-घसा तज्ज्ञ हा डॉक्टर असतो. तो आजाराचे निदान करतो, औषध देतो, ऑपरेशन करतो. ऑडिओलॉजिस्ट ऐकण्याची तपासणी करतो आणि श्रवणयंत्र निवडून बसवतो. स्पीच थेरपिस्ट, म्हणजेच स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट, बोलणे, भाषा आणि गिळणे यांवर काम करतो. भारतात पदवीच्या पातळीवर ऑडिओलॉजी आणि स्पीच हे दोन्ही विषय एकत्र शिकवले जातात. त्यामुळे लहान शहरात एकच व्यक्ती दोन्ही कामे करताना दिसते. पदव्युत्तर पातळीवर मात्र वाटा वेगळ्या होऊ शकतात.

शिक्षणाच्या पायऱ्या

*डीएचएलएस.* हा बारावीनंतरचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम आहे. तो मान्यताप्राप्त आहे, पण हा पदविकाधारक सहायक म्हणून, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली काम करतो. यावर स्वतंत्र दवाखाना थाटायचा नसतो.

*बीएएसएलपी.* ऑडिओलॉजी आणि स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीची ही पदवी साधारण चार वर्षांची असते. शेवटचे वर्ष इंटर्नशिपचे. बारावीला विज्ञान शाखा लागते. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सगळीकडे लागते, तिसऱ्या विषयाबाबत संस्थांचे नियम वेगवेगळे आहेत. ही पदवी आणि नोंदणी झाली, की भारतात स्वतंत्रपणे काम करता येते.

*एम.एस्सी. किंवा एमएएसएलपी.* दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. काही संस्थांत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी आणि ऑडिओलॉजी अशा दोन वेगळ्या एम.एस्सी. आहेत, काही ठिकाणी दोन्ही विषयांची एकत्र पदवी मिळते. प्रवेशासाठी बीएएसएलपी किंवा समकक्ष पदवी मान्यताप्राप्त संस्थेतून आणि इंटर्नशिपसह पूर्ण झालेली असावी लागते. मानसशास्त्र, भाषाशास्त्र किंवा विशेष शिक्षणातील पदवीवर या एम.एस्सी.ला थेट प्रवेश मिळत नाही. हे आधी न कळल्यामुळे काही मुलांची वर्षे वाया जातात.

*पीएच.डी.* संशोधन आणि अध्यापनासाठी.

मास्टर करावेच का?

हा प्रश्न पदवीच्या शेवटच्या वर्षात येतो. उत्तर तुम्हाला पुढे कुठे आणि कोणते काम करायचे आहे यावर ठरते.

महाविद्यालयात शिकवायचे असेल, मोठ्या रुग्णालयात मेंदूविकार किंवा गिळण्याच्या विभागात काम करायचे असेल, संशोधन करायचे असेल, तर मास्टर हवे. परदेशात जायचे असेल तर त्या देशाचा नियम पाहा. अमेरिकेत स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजिस्ट म्हणून काम करायला मास्टर पदवी लागते आणि ती तिथल्या व्यवसायाच्या निकषांत बसावी लागते. ब्रिटनमध्ये तिथल्या आरोग्य व्यावसायिक परिषदेकडे नोंदणी करावी लागते. फक्त भारतातील पदवीवर तिथे आपोआप काम मिळते, असे सांगणाऱ्या एजंटवर विश्वास ठेवू नका.

नांदेड, लातूर, किनवट किंवा माहूरला परत येऊन काम करायचे असेल, तर पदवीवर सुरुवात करून दोन-तीन वर्षे रुग्ण पाहणे आणि मग मास्टरचा विचार करणे, हाही चांगला मार्ग आहे. इथे एकाच दिवशी कानाची तपासणी, श्रवणयंत्र, स्वमग्न मूल आणि पक्षाघाताचा रुग्ण असे सगळे समोर येते. अशा ठिकाणी दोन्ही विषयांची पक्की पायाभरणी जास्त कामाची ठरते. पुढे मास्टरला विषय निवडताना स्वतःला विचारा: रुग्णाशी तासभर बोलत, खेळत, चिकाटीने बसणे आवडते की यंत्र, आलेख, मोजमाप यांत मन रमते? पहिले उत्तर असेल तर स्पीच-लँग्वेज, दुसरे असेल तर ऑडिओलॉजी.

सर्वात आधी मान्यता तपासा

भारतीय पुनर्वास परिषद, म्हणजे आरसीआय, ही संसदेच्या 1992 च्या कायद्याने स्थापन झालेली संस्था आहे. ऑडिओलॉजिस्ट आणि स्पीच थेरपिस्ट यांचे अभ्यासक्रम तीच मंजूर करते आणि उत्तीर्ण झालेल्यांची नोंद केंद्रीय पुनर्वास नोंदवहीत करते. नोंदणीशिवाय हा व्यवसाय करणे गुन्हा आहे. कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलीला सहा महिन्यांच्या "स्पीच थेरपी डिप्लोमा"ला घातले. त्यासाठी शेतीवर कर्ज काढले होते. प्रमाणपत्र मिळाले, पण त्यावर नोंदणी होईना. तिला नोकरी मिळाली नाही आणि तिच्याकडे बारावीनंतरची दोन वर्षे उरली नाहीत. म्हणून पैसे भरण्यापूर्वी या चार गोष्टी करा:

1. आरसीआयच्या संकेतस्थळावरील मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत त्या महाविद्यालयाचे नाव स्वतः शोधा. महाविद्यालयाने दाखवलेल्या कागदाच्या झेरॉक्सवर थांबू नका.
2. मान्यता त्याच अभ्यासक्रमाला आहे ना, ते पाहा. एखाद्या संस्थेला विशेष शिक्षणाच्या डी.एड.ची मान्यता असते, पण बीएएसएलपीची नसते.
3. मान्यता ठरावीक वर्षांसाठी असते. तुम्ही प्रवेश घेणार त्या वर्षी ती चालू आहे का आणि किती जागांना आहे, ते पाहा.
4. पदवी कोणते विद्यापीठ देणार, ते विचारा. महाराष्ट्रातील अनेक संस्था नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत, काही अभिमत विद्यापीठांच्या आहेत.

पूर्णपणे ऑनलाइन शिकवून कुणी स्पीच थेरपिस्ट करत असेल, तर तिकडे जाऊच नका. रुग्णाला हात न लावता हे काम शिकता येत नाही.

संस्था कुठे आहेत?

माहूरपासून जवळ अशी सोय नाही, हे आधीच मान्य करावे लागते. मुलाला किंवा मुलीला बाहेरगावी ठेवावे लागणार आहे.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. केंद्र सरकारची ही संस्था 1983 मध्ये सुरू झाली. सिकंदराबाद, कोलकाता आणि नोएडा येथे तिची प्रादेशिक केंद्रे आहेत. नांदेडकडून सिकंदराबादला थेट रेल्वे आहे, त्यामुळे आपल्या भागातील मुलांनी तेही केंद्र पाहावे. मुंबईतच महापालिकेच्या नायर रुग्णालयाशी जोडलेल्या टोपीवाला राष्ट्रीय वैद्यकीय महाविद्यालयात हा अभ्यासक्रम आहे. देशात हे शिक्षण जिथे सर्वात आधी सुरू झाले त्या ठिकाणांत त्याची गणना होते. पुण्यात भारती विद्यापीठात ऑडिओलॉजी व स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजीचे स्वतंत्र महाविद्यालय आहे.

राज्याबाहेर म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था ही या क्षेत्रातील देशातील सर्वात नावाजलेली संस्था. ती 1965 मध्ये स्थापन झाली आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. तिथे स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी आणि ऑडिओलॉजीच्या वेगळ्या एम.एस्सी. आहेत. याशिवाय मणिपाल आणि तिरुवनंतपुरम येथेही जुनी, चांगली केंद्रे आहेत.

प्रवेश कसा मिळतो?

एकच अर्ज भरून सगळीकडे प्रवेश मिळत नाही. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रातील आरोग्य विद्यापीठाच्या बीएएसएलपी जागा नीट-यूजीच्या गुणांवर, राज्याच्या सीईटी कक्षाच्या फेऱ्यांमधून भरल्या गेल्या आहेत. पदव्युत्तर जागांसाठी सीईटी कक्ष स्वतंत्र परीक्षा घेतो. म्हैसूरची संस्था आणि राष्ट्रीय संस्था आपली वेगळी प्रवेश प्रक्रिया राबवतात. अभिमत विद्यापीठांचे नियम आणखी वेगळे.

नियम वर्षागणिक बदलतात. म्हणून डिसेंबर-जानेवारीपासून या संकेतस्थळांवर दर आठवड्याला नजर टाका आणि त्या वर्षाचे माहितीपत्रक पूर्ण वाचा. नीटला एमबीबीएस मिळाले नाही म्हणजे सगळे संपले, असे समजून अनेक मुले दुसऱ्या, तिसऱ्यांदा परीक्षा देत राहतात. लातूर पॅटर्नच्या शिकवण्यांत हे मी खूप पाहतो. त्याच गुणांवर हा रस्ता खुला असू शकतो, हे पालकांना ठाऊक नसते. मात्र मन नसताना, केवळ डॉक्टर होता आले नाही म्हणून इकडे येऊ नका. इथे एक शब्द यायला कधी सहा महिने लागतात.

पदव्युत्तर अर्जात गुणपत्रके, इंटर्नशिपचे प्रमाणपत्र, आरसीआय नोंदणी आणि जातीचे, अधिवासाचे दाखले लागतात. जात वैधता प्रमाणपत्र आणि नॉन-क्रीमीलेअर यांना वेळ लागतो, ते बारावीतच काढून ठेवा. परदेशी विद्यापीठे शिक्षकांची शिफारसपत्रे आणि स्वतःबद्दलचे निवेदनही मागतात. त्या निवेदनात "मला समाजसेवेची आवड आहे" असे लिहून काही कळत नाही. तुम्ही पाहिलेला एखादा रुग्ण, तुम्हाला त्यात काय जमले नाही आणि ते शिकण्यासाठी हीच संस्था का, हे साध्या शब्दांत लिहा. रुग्णाचे नाव मात्र लिहू नका.

दोन संस्थांतून एक निवडताना

इमारत, वातानुकूलित वर्ग, माहितीपत्रकावरचे फोटो यांनी भुलू नका. या शिक्षणात दवाखाना हाच खरा वर्ग असतो. शक्य असेल तर एक दिवस संस्थेत जा, तिथल्या ओपीडीत बसा आणि तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना हे विचारा:

- रोज किती रुग्ण येतात? एका विद्यार्थ्याच्या वाट्याला आठवड्यात किती येतात?
- फक्त मुले येतात की पक्षाघात, कर्करोग, आवाज, गिळणे असे मोठ्या माणसांचे रुग्णही येतात?
- थेरपी सुरू असताना शिक्षक समोर बसतात का, की फक्त वहीवर सही करतात?
- संस्था मोठ्या रुग्णालयाला जोडलेली आहे का? वॉर्डात, अतिदक्षता विभागात विद्यार्थ्यांना नेतात का?
- कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलांची थेरपी तिथे होते का?
- शिक्षक पूर्णवेळ आहेत का? किती जण सोडून गेले?
- इंटर्नशिप कुठे होते? विद्यावेतन मिळते का?
- गेल्या दोन वर्षांत उत्तीर्ण झालेले आज कुठे काम करतात?

"ओपीडी कमी आहे, पण प्लेसमेंट शंभर टक्के आहे" असे उत्तर आले तर सावध व्हा. ते प्लेसमेंट बहुतेकदा श्रवणयंत्रांच्या विक्रीचे काम असते. ते वाईट नाही, पण थेरपी शिकायला गेलेल्या मुलीला ते आधी माहीत असावे.

भाषेचा प्रश्न

हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. थेरपी रुग्णाच्या भाषेत होते. म्हैसूरला उत्तम शिक्षण मिळेल, पण तिथले बरेच रुग्ण कन्नड बोलणारे असतील. विद्यार्थ्याला कामापुरती कन्नड शिकावी लागेल. त्यात तोटा नाही, भाषा कशी घडते हे त्यातून चांगले समजते. पण मराठी रुग्णांवर हात बसायला मुंबई किंवा पुणे जास्त सोयीचे. राज्याबाहेर शिकणार असाल तर इंटर्नशिपचा काही काळ महाराष्ट्रात करता येईल का, हे विचारून ठेवा.

आपल्या भागात मराठीही पुरत नाही. माहूर-किनवटच्या तांड्यांवर घरात गोरमाटी बोलतात, पाड्यांवर गोंडी आणि कोलामी, गावात उर्दू, तेलंगणाच्या बाजूला तेलुगू. मूल अंगणवाडीत मराठी ऐकते. "दोन भाषांमुळे मूल बोलत नाही, घरी गोरमाटी बंद करा" असा सल्ला अजूनही दिला जातो. तो चुकीचा आहे. दोन भाषा ऐकल्याने भाषेचा विकार होत नाही. आईला जी भाषा मनापासून येते, त्याच भाषेत तिने मुलाशी बोलावे. तांड्यावरची एखादी मुलगी हे शिक्षण घेऊन आली, तर तिला येणारी गोरमाटी तिच्या पदवीइतकीच मोलाची असेल.

खर्च

सरकारी संस्थेचे आणि खासगी संस्थेचे शुल्क यांत मोठा फरक असतो. शुल्काशिवाय वसतिगृह, जेवण आणि प्रवास धरून पूर्ण चार किंवा दोन वर्षांचा हिशेब मांडा. महाडीबीटी पोर्टलवर अनुसूचित जाती, जमाती, विमुक्त-भटक्या आणि इतर मागासवर्गीयांसाठीच्या शिष्यवृत्त्या आहेत. आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शुल्कमाफीचा निर्णय राज्याने 2024 मध्ये घेतला. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे लागते. तुम्ही निवडलेल्या महाविद्यालयाला तो लागू आहे का, हे प्रवेशापूर्वी लेखी विचारा. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास अशा सवलती सहसा मिळत नाहीत.

तुम्ही रुग्णाचे नातेवाईक असाल तर

वरचे सगळे उलट्या बाजूने वापरा. थेरपिस्टला नम्रपणे विचारा: तुमची पदवी कोणती? आरसीआय नोंदणी क्रमांक काय? ही नोंदणी ठरावीक काळाने नूतनीकरण करावी लागते, तीही चालू असावी. चांगला थेरपिस्ट या प्रश्नाने रागावत नाही. तो आधी सविस्तर तपासणी करतो, कागदावर उद्दिष्ट लिहितो, तुम्हाला शेजारी बसवतो आणि घरी काय करायचे ते शिकवतो. "महिनाभरात बोलायला लावतो" अशी हमी तो देत नाही.

ग्रामीण कुटुंबांसाठी जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्र हे पहिले ठिकाण. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 मध्ये सुरू झाला, त्यात या केंद्रांची आणि तिथे ऑडिओलॉजिस्ट-स्पीच थेरपिस्टची तरतूद आहे. अंगणवाडीत आणि शाळेत येणारे तपासणी पथक मुलाला तिथे पाठवू शकते. नांदेड आणि लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील कान-नाक-घसा विभागातही चौकशी करा. जन्मतः ऐकू न येणाऱ्या लहान मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट मिळू शकते, पण त्याला वयाची अट आहे. इम्प्लांटने आवाज कानात पोहोचतो. त्या आवाजाचे शब्द व्हायला पुढे दीर्घकाळ थेरपी लागते.

थांबू नका, तपासणी करा:

- बाळ मोठ्या आवाजाला दचकत नाही
- नऊ-दहा महिन्यांपर्यंत "बाबाबा, दादादा" असे आवाज काढत नाही
- सव्वा वर्षापर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द नाही
- दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही
- येत असलेले बोलणे अचानक थांबले
- मोठ्या माणसाचे बोलणे अचानक अडखळले, तोंड वाकडे झाले, तर थेरपिस्टकडे नाही, ताबडतोब रुग्णालयात

देवीला नवस बोला, गडावर घंटा वाहा, त्याला माझा विरोध नाही. पण त्याच आठवड्यात कानाची तपासणी करा. जिभेखालचा पडदा कापल्याने भाषा येत नाही. शक्यतो बाळाची ऐकण्याची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचार सहाव्या महिन्यापर्यंत सुरू व्हावेत.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*मला स्वतःला अडखळण्याचा त्रास आहे. मी हे शिकू शकतो का?*
हो. या व्यवसायात असे अनेक जण आहेत. रुग्ण त्यांच्याशी मोकळेपणाने बोलतात. प्रवेशाच्या वेळी वैद्यकीय पात्रतेची अट असेल तर ती वाचून घ्या.

*हे डॉक्टर असतात का?*
नाही. ते औषध लिहून देत नाहीत. पीएच.डी. झालेल्यांच्या नावापुढे डॉ. लागते, पण ती वैद्यकीय पदवी नव्हे.

*माहूरसारख्या ठिकाणी पोट भरेल का?*
फक्त एका गावावर अवलंबून राहिल्यास सुरुवातीला अवघड जाईल. नांदेड, किनवट, यवतमाळ अशा दोन-तीन ठिकाणी ठरावीक वार, एखादी शाळा आणि फोनवरून पाठपुरावा असे जुळवावे लागते. रुग्णांची कमी नाही.

*घरातल्या मुलासाठी म्हणून मी हे शिकावे का?*
फक्त त्यासाठी नको. तुमची पदवी होईपर्यंत मुलाची भाषा शिकण्याची सर्वात महत्त्वाची वर्षे निघून जातील. मुलाची थेरपी आज सुरू करा आणि तुम्ही प्रत्येक सत्राला शेजारी बसा. त्यानंतरही हे काम दुसऱ्यांच्या मुलांसाठी करावेसे वाटले, तर अर्ज करा.

त्या बारावीच्या मुलीलाही मी शेवटी हेच सांगितले. तिने वर्षभर भावाबरोबर नांदेडच्या फेऱ्या केल्या, सत्रात बसली, वही लिहिली, आणि मग अर्ज भरला. तुमच्या घरात कुणी असा विचार करत असेल, तर या आठवड्यात दोनच गोष्टी करा. आरसीआयची यादी उघडून पाहा आणि जवळच्या एखाद्या थेरपी केंद्रात परवानगी घेऊन एक दिवस बसा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रवेशाचे नियम, शुल्क आणि योजनांच्या अटी बदलतात. त्या वर्षाचे अधिकृत माहितीपत्रक पाहावे. रुग्णाच्या उपचाराबाबत आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.*